सहलीचा ठराव रद्द झाला त्याची गोष्ट

सोमवारी आमच्या आठवीच्या वर्गात चक्क एक खटला चालला... अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी गुंजवणे खोऱ्यातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. संसद, मंत्रिमंडळ, न्यायालय आणि तिघांचा एकमेकांवर अंकुश... हे फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग जांभया देतो. म्हणून यंदाची सहल मुलांच्याच सरकारवर सोपवली.

अख्खा वर्ग म्हणजे संसद, त्यातलेच काही मंत्री आणि एक न्यायाधीश. शुक्रवारी शेवटच्या तासाला मतदान होऊन राजगड ठरला. बहुतेक मुलं खालच्या गावांतली, गड रोज लांबूनच बघणारी. मंत्रिमंडळ लगेच डब्यात काय आणायचं यावर आलं...

सोमवारी गडाच्या पायथ्याच्या वाडीतली मुलं न्यायालयात आली. त्यांची एसटी लवकर असते, त्यामुळे मतदानाआधीच ती घरी गेली होती.

"आमाला कुणी इचारलंच न्हाई. गडाकडं आमी रोज शेरडं घेऊन जातो. ती कसली सहल?"

वर्ग हसला. पण न्यायाधीश झालेली साक्षी खुर्चीवरून उठली. "बाई, मी पण वाडीचीच. माझा निकाल कुणाला पटंल का? दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

हे मी शिकवलंच नव्हतं...

वर्गानं तिच्या जागी ओमकारला बसवलं. राजगडासाठी सगळ्यात जास्त घसा कोरडा केलेला हाच. सहलीसाठी बूटही नवे घेतलेले. म्हटलं, झालं... निकाल ठरलाच.

पण सभापती झालेल्या मुलीला त्यानं विचारलं, "मतदानाला वाडीतलं कोण होतं?"

"कुणीच न्हाई."

"मग ठराव रद्द. सगळे असताना परत मतं घ्या."

मंत्रिमंडळ जाम चिडलं. पण परत मतदान झालं, वाडीतली मुलं मोकळेपणानं बोलली, त्यांनी पानशेतचं धरण सुचवलं, आणि थोडक्यात का होईना, पानशेत जिंकलं.

मधल्या सुट्टीत ओमकारला विचारलं, वाईट वाटलं का रे?

"लई वाटलं, बाई. पण त्यांना न इचारताच ठरवलं होतं ना आपण."

काल पानशेतला जाऊन आलो. परतीच्या गाडीत वाडीतल्या मुलांनी ओमकारला दिवाळीच्या सुट्टीत गडावर न्यायचं कबूल केलं, तेही मुक्कामासकट...

स्वतःला नको असलेला निकाल स्वतःच द्यायचा, हे मोठ्यांनाही सहसा जमत नाही. माझ्या वर्गात ते मला बघायला मिळालं. पोरांनो, मनापासून आभार.