दंडावरचा पट्टा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. विचारलं तर विषय बदलायचो. आता विचारणारं कुणी नाही, आणि मी ऐंशीच्या पुढे गेलोय.

"ए स्टँड, बस खाली."

स्टँड म्हणजे मी. फौजेत पंधरा वर्षं काढून परळच्या एका गिरणीत पहारेकरी झालेला माणूस. संप चालू होता. गिरणीतली सगळी खाती बंद. मॅनेजरचा मुलगा सकाळी मागच्या आवारात छर्ऱ्याच्या रायफलने नेम धरायचा. त्याचा हात थरथरायचा. म्हणून मी गुडघ्यांवर बसायचं आणि माझ्या खांद्यावर नळी टेकवून तो मारणार. नेम चुकला की बुटाचं टोक पाठीत. त्याचे मित्र हसायचे. "स्टँड श्वास घेतोय रे."

तीन आठवडे बसलो. मग स्वतःची सुटका करायला मीच म्हणालो, "साहेब, रायफलला पट्टा आहे. तो वापरायला शिकवतो. खांदा लागणार नाही."

शिकवलं. पट्टा दंडावर आवळायचा. हात त्याला वळसा घालून पुढे न्यायचा. कोपर गुडघ्यावर. पट्टा ताणला की रायफल खांद्यात घट्ट बसते, भार हाडांवर येतो, थरथर थांबते. मन लावून शिकवलं. तो सुधारत होता, याचा मला आनंद होत होता. तेही लिहून ठेवतो.

खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी जो तो आपल्या यंत्राची पूजा करायचा. आमच्या लालबागच्या चाळीतला सखाराम, वीस वर्षं त्याच गिरणीत विणकर, झेंडूचा हार घेऊन गेटवर आला.

"गाववाल्या, माका पाच मिन्टां आत सोड. मागाक हार घालतंय नि येतंय."

"ऑर्डर नाय हा, सख्या."

"मागाक काय ठावक, संप हा म्हणान?"

मी त्याला परत पाठवला. तेवढ्यात मागून हाक आली, पट्टा बांधायला. दुसऱ्या पहारेकऱ्याला गेटवर ठेवून गेलो. बांधला. चांगला आवळला.

मागच्या भिंतीवर आधी हार दिसला, मग सखारामचं डोकं. नळी तिकडे वळली.

"बघ रे, हलतेय का?"

मला वाटलं, नुसता भेडसावतोय. मी नळीकडे पाहिलं. सखारामकडे नाही.

"नाही, साहेब."

त्याने मारली. सखाराम भिंतीपलीकडे पडला. डावा डोळा गेला. मुलगा म्हणाला, "पट्टा कामाचा आहे."

दुपारी ऑफिसात कागद तयार होता. चोरीसाठी भिंतीवर चढला, पडताना तार डोळ्यात गेली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

चार दिवसांनी मॅनेजरच्या मुलाने पुन्हा हात पुढे केला. "बांध."

"नाही."

"काय नाही?"

"बांधणार नाही. खालीही बसणार नाही."

पट्टा त्याच्या पायाशी टाकला आणि गेटबाहेर आलो. नोकरी गेली. पण पोलीस चौकीत गेलो नाही. माझा नकार माझ्या गुडघ्यांपुरता होता.

छर्रा कुणी मारला, हे सखारामला ठाऊक होतं. पोलिसांनी मात्र कागद मानला. सही कुणाची, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पुढे तो हिंदमाताच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचा. मला पाहिलं की हाक मारायचा, "ये रे, चाय घी." मी प्यायचो. गावच्या गोष्टी करायचो. गेल्या साली तो गेला. चाळीत अजून एखादा म्हणतोच, चोरी करताना डोळा गेला त्याचा.

सखाराम चोर नव्हता. कागद खोटा होता, सही माझी होती. हे मी उद्या त्याच्या मुलीपुढे वाचणार. तिने दार लावलं तर चाळीच्या गॅलरीत उभा राहून मोठ्याने वाचणार. माफी तिच्याकडे मागणार नाही. ती द्यायचा अधिकार तिच्या बापाचा होता. त्याच्यासमोर एवढी वर्षं चहाचा ग्लास धरून बसलो, आणि "सख्या, पट्टो मियां बांधलंय" एवढं तोंडातून निघालं नाही.