दोन वाजताचं सोळा

मामा रोज सकाळी तोंड धुण्याआधी वर्तमानपत्रातलं हरवलेल्या आकड्याचं कोडं सोडवायचा. दोन, सहा, बारा, वीस, रिकामा चौकोन, बेचाळीस. मला शेजारी बसवून म्हणायचा, "आकडे राहू देत, त्यांच्यामधलं अंतर बघ. चार, सहा, आठ. पुढे?"

"दहा. म्हणजे तीस."

"त्यात बारा मिळवले की बेचाळीस. बसलं."

"तोंड धुतलंत तर आकडे पळून जाणार आहेत का?" मामी आतून विचारायची.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. दर अर्ध्या तासाला अकरा पायऱ्या चढून काचेत पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. त्या दिवशी वहीत अठरा, सोळा, अठरा, सोळा, अठरा असं उतरलं होतं. पाळी संपत आली होती, गुडघा ठणकत होता. दोनच्या रकान्यात त्याने खालूनच सोळा लिहिलं आणि वही पुढच्या पाळीवर आलेल्या जोडीदाराच्या हाती दिली. या जोडीदाराला सगळे काडी म्हणत.

पाणी चढवणारा पंप दीडनंतर तुंबला होता आणि पातळी उतरत चालली होती. वीस मिनिटांनी बॉयलरची नळी फुटली. काडीचा अर्धा चेहरा वाफेने भाजला.

चौकशीत वही पुढे आली. दोनला पाणी व्यवस्थित होतं, म्हणजे नंतर काडीनेच पाणी सोडायचा खालचा व्हॉल्व्ह उघडा टाकला असणार. साहेबांचं जवळजवळ ठरलंच होतं. काडीला अजून बोलता येत नव्हतं. मामाने फक्त गप्प राहायचं होतं. मामीने आदल्या दिवशी तेच विनवलं होतं.

"दोनला मी वर गेलोच नव्हतो," मामा म्हणाला. "सोळा मी मनाने भरलं."

"मनाने?"

"आधीचे आकडे बघून. तेच बसत होतं."

नोकरी त्याच आठवड्यात गेली. काडीवरचा ठपका पुसला गेला, चेहरा तसाच राहिला. मामाने कोडी मात्र सोडली नाहीत. मला त्याचा राग यायचा, तो मी कधी बोलून दाखवला नाही. काडी महिन्यातून एकदा येऊन बसायचा.

फुप्फुसाच्या दुखण्याने मामा अंथरुणाला खिळला, तेव्हाही काडी आला. त्याची डावी पापणी मिटत नाही. दारातच डोळ्यांवर हात आडवा धरून उभा राहिला. त्या संध्याकाळी मामा गेला. त्याआधी मामीला एवढंच म्हणाला होता, "खिडकी लोटून घे गं. त्याच्या डोळ्यात ऊन जातंय."