बिनडोळ्यांचे कप

हसायचं असेल तर शेवटी हसा, मधेच हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. कारण मधल्या भागात मी खरोखर घाबरलो होतो, आणि ते आठवलं की अजूनही मानेवर काटा उभा राहतो. चहा घ्या, सांगतो.

ऐंशीनंतरची, माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मी वरोऱ्याच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस. चित्रकलेचा मास्तर म्हणून नोकरी लागली ती पोंभुर्ण्याकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात. शाळा म्हणजे एक लांबच लांब खोली, वर कवेलू, म्हणजे तुमची कौलं, आणि मागे लगेच साग. दिवाळीच्या सुट्टीत त्या खोलीत डोळ्यांचं शिबिर भरलं. नागपूरहून डॉक्टर आले, आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूंची ऑपरेशनं झाली, आणि सगळ्यांना तिथंच सतरंज्यांवर ओळीनं निजवलं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधायची, वाकायचं नाही, खोकायचं नाही, आणि डॉक्टर पट्टी सोडतील त्या दिवसाची वाट बघत पडून राहायचं.

आता शेतातला माणूस असा पडून राहतो का? धान कापणीला आलेलं. एक म्हातारा तर पट्टीसकट भिंत चाचपत बैल बघायला निघाला होता, त्याला फाटकातून परत आणला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की कोणी पट्टी ओढली किंवा डोळा चोळला तर तो डोळा गेलाच म्हणून समजा. हेडमास्तर घाबरले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. बिनलग्नाचा, सुट्टीतही गावी न गेलेला मास्तर, दुसरं कोण सापडणार? यांच्या हातांना काहीतरी काम द्या म्हणाले, आणि स्वतः सासुरवाडीला गेले.

शाळेत कागदी कपांचं एक खोकं पडून होतं. वरोऱ्याच्या एका आइस्क्रीमवाल्यानं दुकान बंद करताना देऊन टाकलेलं. मी ते काढलं. कप पालथा घातला की झालं डोकं. त्याला कणकेचं नाक, सुतळीचे केस, चिंधीचा फेटा नाहीतर पदर. डोळ्यांसाठी सीताफळाच्या बिया, काळ्याभोर आणि चकचकीत. चिकटवायला डिंक. सगळं बोटांनी चाचपून जमण्यासारखं होतं.

आणि जमलं हो! माझ्या वर्गातल्या पोरांना जमलं नसतं इतकं छान जमलं. कासमभाऊ म्हणून एक म्हातारे शिंपी होते, त्यांनी कपाला अशी टोपी शिवली की बघत राहावं. जनाबाई नावाची एक म्हातारी होती. पावलावरून माणूस ओळखायची आणि आपण तोंड उघडायच्या आत जयभीम घालायची. तिनं आपल्या गेलेल्या नवऱ्याचं तोंड केलं. नाक तीनदा मोडून पुन्हा केलं, कारण त्याचं नाक म्हणे भज्यासारखं होतं. मग सगळ्यांनीच आपापली गेलेली माणसं केली. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाची लहानपणीच गेलेली पोरगी.

पण डोळे कोणीच लावेना. बियांची वाटी फिरून माझ्याकडे तशीच परत आली.

मी जनाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "आमचे डोये उघडतीन, तवा त्याईचे लावू. आमच्या आधी त्याईनं काऊन पाहावं जी?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठरलंच होतं त्यांचं.

ठीक आहे, म्हटलं. कप वाळायला पलीकडच्या टोकाला खिडकीत ओळीनं ठेवले. आणि इथून माझे हाल सुरू झाले.

दुपारी जेवणं झाली की सगळी खोली झोपायची. उघडे डोळे फक्त माझे. सागाची मोठमोठी पानं कवेलूंवर पडायची आणि वर कोणीतरी अनवाणी फिरतंय असा आवाज यायचा. मी या टोकाला खुर्चीवर, ते त्या टोकाला खिडकीत. पांढरी तोंडं, नाक आहे, केस आहेत, आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. मी पेपर वाचायला घ्यायचो आणि वर बघितलं की वाटायचं, मघाशी यांची तोंडं बाहेर होती, आता आत आहेत. एकदा तर फेटेवाल्यानं मान हलवलेली मी बघितली. शपथ घेऊन सांगेन.

पाय न वाजवता बाहेर जावं म्हणून उठलो, तर सतरंज्यांवरची सगळी पट्टी बांधलेली डोकी एकदम माझ्याकडे वळली. "कोन, मास्तर काय?" इकडे बिनडोळ्यांची माणसं, तिकडे बिनडोळ्यांचे कप, आणि दोघांना मी बरोबर दिसतोय. सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी जे केलं ते आता ऐका. पट्ट्या सोडायला एकच दिवस उरला होता. दुपारी सगळे झोपले, तेव्हा मी बियांची वाटी आणि डिंक घेतला आणि खिडकीत जाऊन प्रत्येक कपाला डोळे चिकटवले. म्हटलं, निदान माणसासारखे तरी दिसतील. तेही कसे लावले म्हणता? हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून. म्हातारी माणसं रागावतील असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, कोणाला दिसणार आहे? एवढी अक्कल चालवली मी.

हे लोक रोज झोपून उठले की भिंतीला हात लावत खिडकीशी जातात आणि आपापलं माणूस चाचपून बघतात, हे मला माहीत होतं. रोज बघत होतो मी. पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

पहिली गेली जनाबाई. नाकावरून बोट वर नेलं आणि थांबली. मग इतक्या हळू बोलली की पानांचा आवाजही तिच्यापेक्षा मोठा वाटला.

"मास्तर, यानं डोये उघडले."

खोली गार पडली. मी तिथंच तोंड उघडून सांगायला हवं होतं. पण ती ज्या आवाजात बोलली ना, त्या आवाजानं क्षणभर मलाही वाटलं की खरंच उघडले असतील! तेवढ्यात एकेक जण खिडकीशी पोचला. आईनं उघडले, भावानं उघडले, त्या लहान पोरीनं उघडले. कोणी रडायला लागलं. कासमभाऊंनी दोन्ही हात वर करून दुआ मागितली. मग कोणीतरी म्हणालं की त्याईचे उघडले म्हणजे आपलेही उघडले, आता पट्टी कायले ठेवायची? आणि हात डोक्यामागच्या गाठींकडे जायला लागले.

मी धावलो. याचा हात धर, त्याचा हात धर. ओरडून सांगितलं की डोळे मी लावले, मी, या हातांनी. कोणी मानायला तयार नाही. जनाबाईनं उलट माझीच समजूत घातली. "तुमी काऊन लावान जी? तुमाले त सांगतलं होतं ना."

शेवटी कासमभाऊंना मी हात जोडले. त्यांना दिसत नव्हते, पण आवाजावरून कळले असावेत. ते भारदस्त आवाजात म्हणाले की उघडले तर उघडले, पण गाठ डॉक्टरनं मारली आहे, ती डॉक्टरच सोडेल. दुसऱ्याच्या हातची शिलाई आपण उसवायची नसते. हे मात्र सगळ्यांना पटलं. हात खाली आले. मी सरपंचाच्या घरी उतरलेल्या डॉक्टरांकडे पळत गेलो आणि धापा टाकत एवढंच सांगितलं की लोक आता थांबत नाहीत.

डॉक्टर लगेच आले. एक दिवसानं काही बिघडत नाही म्हणाले आणि पट्ट्या सोडायला बसले. पट्टी सोडायची, डोळा पुसायचा, जाड भिंगाचा चष्मा लावायचा आणि विचारायचं, काय दिसतं? जनाबाई पहिली. तिनं आधी नवऱ्याचा कप मागितला, तो हातात धरून वरून खाली, खालून वर बघितला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"दिसून त राह्यलं जी," ती म्हणाली, "पर याचा एक डोया कपायावर अन् एक गालावर दिसते."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्याची पट्टी सोडली. त्यानंही आपला कप मागितला. त्यालाही एक डोळा वर, एक खाली. तिसऱ्या बाईला तर दोन्ही डोळे एकाच कानाशी दिसले. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. इतकी ऑपरेशनं, आणि सगळीच वाकडी गेली की काय? रुमालानं घाम पुसत होते बिचारे. मी भिंतीला चिकटून उभा. मला वाटत होतं की या सगळ्यांची दृष्टी मीच त्या दुपारी बिघडवली. त्यांचं न ऐकता मी आधीच डोळे लावले, म्हणून आता त्यांना असं वाकडं दिसायला लागलंय.

शेवटी कासमभाऊंचा नंबर आला. त्यांनी टोपीवाला कप जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला, आणि तो डॉक्टरांच्या हातात दिला. "साहेब, आमचं राहू द्या. एकदा तुम्हीच पाहा."

डॉक्टरांनी बघितलं. मग खिडकीतला दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग म्हणाले, "हे डोळे लावले कोणी?"

या वेळी माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

जनाबाई रागावली नाही. उलट इतकी हसली की डॉक्टरांनी टाके तुटतील म्हणून दटावलं. तिचा नवरा थोडा चकणाच होता म्हणे. पण डॉक्टर हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. चित्रकला शिकवता ना, विचारलं. मी हो म्हटलं. मला खुर्चीत बसवलं आणि समोर बोट करून म्हणाले, त्या तक्त्यावरची वरची दोन अक्षरं वाचा.

मी समोर बघितलं. भिंत होती. स्वच्छ, पांढरी.

"कोणता तक्ता?" मी विचारलं.

मग मागून जनाबाईचा आवाज आला, अगदी मायेनं.

"तो काय जी मास्तर, खिळ्याले टांगला हाये. मले इथून दिसून राह्यला."