विचारून वापरलेली वाट

नेरजवळच्या एका गावातले वामनराव गावंडे शेजारच्या विहिरीवर पाणी प्यायचं असलं तरी आधी मालकाला हाक मारतात. मालक शेतात नसला तर तहानलेले पुढे जातात. "सोताच्या घरात येतानाबी खाकरतेत हे," असं त्यांच्या पत्नी वच्छलाबाई सांगतात. ते कौतुक आहे की तक्रार, ते त्यांच्या आवाजावरून कळत नाही.

वामनरावांचं कपाशीचं शेत आतल्या बाजूला आहे. तिथे बंडी, म्हणजे बैलगाडी, न्यायची तर शेजारच्या शेतातून जावं लागतं. शेजारी म्हणजे बापू; शाम हा त्यांचा मुलगा. वामनरावांच्या वडिलांपासून ही वाट चालत आली होती. दरवर्षी अक्षय तृतीयेला वामनराव शेजाऱ्याच्या ओसरीवर जात, चहा घेत आणि विचारत, "यंदाबी बंडी नेऊ नं बापू?"

"हे काय इचारनं झालं? ने नं!" इतकं ठरलेलं उत्तर येई.

बापू वारले. शामनं शेतात संत्र्याची कलमं लावली आणि रोह्यांपासून, म्हणजे नीलगाईंपासून, वाचवायला चारही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. वाट आत गेली. दुसरी वाट नाल्यातून आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही बराच काळ तिथून बंडी जात नाही. पण सरकारी नकाशात ती वाट असल्यामुळे तहसीलदारांनी वामनरावांचा जुनी वाट मोकळी करून मागणारा अर्ज फेटाळला. मग ते दिवाणी कोर्टात गेले.

त्यांच्या वकील मंजुषा उमरीकर या यवतमाळच्या नोकरदार घरातल्या. त्यांनी समजावलं की वीस वर्षांहून जास्त काळ हक्कानं वापरलेली वाट अडवता येत नाही. हा विचार फार जुना, रोमन लोकांचा. त्यांनी त्याच्या तीन अटी घातल्या होत्या: नेक वी, नेक क्लाम, नेक प्रेकारिओ. बळजबरीनं नाही, चोरून नाही, कुणाकडे मागून नाही.

"कधी भांडून गेलात का, काका?"

"भांडन कायले करू?"

"लपून?"

"बंडी काय लपून जाते, ताई?"

"परवानगी वगैरे घेतली होती का कुणाची?"

"परवानगी कायची? घरचीच मानसं व्हती ते."

परवानगी हा शब्द वामनरावांच्या लेखी ग्रामपंचायतीचा होता, शिक्का मारलेला. मंजुषाताईंनी 'परवानगी नाही' असं लिहून घेतलं आणि दावा दाखल केला.

उलटतपासणीला शामचे वकील अगदी गोड बोलले. "वामनराव, गावात तुमचं नाव सज्जन माणूस म्हणून आहे. कुणाच्या वावरातून न विचारता बंडी नेणारे तुम्ही नाही. बरोबर?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वामनराव ताठ झाले. "कधीच नाही, साहेब. दरसाल अखजीले इचारत होतो. बापूनं कधी नाही म्हटलं नाही. मी इचारल्याबिगर पाय ठेवला नाही."

"म्हणजे त्यांनी हो म्हटल्यावरच जायचात?"

"तं मंग! भल्या घरचे हावो आमी."

वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर वामनराव खुशीत होते. "कसं झालं ताई? खरं ते सांगून टाकलं."

"काका, दावा गेला."

त्यांना ते समजायला वेळ लागला. मागून मिळतं ते मेहेरबानीनं मिळतं, आणि मेहेरबानी करणारा ती कधीही परत घेऊ शकतो. एखादा मग्रूर माणूस एवढी वर्षं दिवसाढवळ्या, कुणाला न विचारता तिथून गेला असता, तर वाट त्याची झाली असती. निकालपत्रात हेच सभ्य भाषेत लिहिलं आहे. कायद्याच्या दृष्टीनं निकालात चूक नाही. मंजुषाताईंनी अपिलाचा सल्ला दिला नाही.

घरी वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, "गावभर इचारत फिरा आता."

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला. वेचलेला कापूस वामनराव, वच्छलाबाई आणि सून निकिता यांनी गाठोडी बांधून डोक्यावरून नाल्यापलीकडे आणला. निकिता एकदा पाण्यात पडली, गाठोड्यासकट. कुंपणाच्या आतून शामनं ते पाहिलं.

"काका, काहून जीव काढून राह्यले? इचारलं तं मी नाही म्हनीन का? एक बार म्हना, फाटक खोलतो."

शाम वाईट माणूस नाही, आणि फाटक त्यानं उघडलंही असतं. पण त्याच्या वकिलानं त्याला सांगून ठेवलं होतं की सोडायचं तर मागणाऱ्यालाच सोड.

"इचारलं म्हनूनच तं गेली, बापा," वामनराव म्हणाले आणि पुन्हा नाल्यात उतरले.

भिजलेला कापूस व्यापाऱ्यानं बाजूला काढून ठेवला. पुढच्या हंगामाआधी शाम स्वतः घरी आला आणि त्यानं वामनरावांचं आतलं शेत वर्षभराच्या मक्त्यानं, ठरावीक रकमेवर कसायला मागितलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. जिथे बंडी जात नाही ते शेत कोण घेणार? वामनरावांनी होकारार्थी मान हलवली. वच्छलाबाईंनी चहा केला नाही.

शामनं दोन शेतांमधलं, धुऱ्यावरचं कुंपण काढून टाकलं. त्याचा ट्रॅक्टर जुन्या वाटेनं सरळ आत जातो. वामनराव तिकडे जात नाहीत.