मेल्यावर कढी मागणारा माणूस

"आई गेली बे," बसूनं फोनवर सांगितलं, आणि मी विचारलं, "कुठं?"

आता ह्याला माझा बावळटपणा म्हणा, पण थोडा दोष मावशीचाही आहे. सत्तरी ओलांडली तरी ही बाई घरात सापडेल तर शपथ. आज परळीला बारसं, उद्या पालीला लग्न... माझा प्रश्न इतका सहज गेला, की माझ्या मावसभावाला तेच पुन्हा फोड करून सांगावं लागलं. म्हणाला, "गेली म्हणजे... गेली रे." त्याला महिना होऊन गेला. मातीला जाऊन आलो, चारचौघांत रडूनही झालं. पण राहून राहून वाटतं, माझं ते 'कुठं' मावशीच्या कानावर गेलं असतं, तर ती पदर तोंडात कोंबून हसली असती, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगून आली असती.

सिरसाळ्याच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान. तिचे यजमान, आमचे काका, लवकर वारले, तेव्हापासून गादीवर तीच. मी बारावी झालो तेव्हा मला शहरात जाऊन मराठी घेऊन बीए करायचं होतं, आणि वडलांना मी दिंद्रुडला आमच्या किराणा दुकानात हवा होतो. मावशीनं तोड काढली. शहरात एक मोफत वसतिगृह होतं, मुलाखत घेऊन पोरं निवडायचे. "तिथं नंबर लागला तर पोरगं शिकंल. न्हाई लागला तर हाय की तुमच्या गुळावरचे मुंगळे हाकायला," असं तिनं आपल्या दाजींना, म्हणजे माझ्या वडलांना, तोंडावर सुनावलं. वडील कबूल झाले. मी नापास होणार ह्याची त्यांना खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. मुलाखतीत वाचनावर विचारतात असं ऐकलं होतं, आणि माझं वाचन म्हणजे परीक्षेची गाईडं. त्यामुळं उन्हाळाभर मला मावशीच्या दुकानात बसवण्यात आलं. तिच्याकडं पुस्तकं होती. भांडी गुंडाळायला रद्दी यायची, रद्दीत कधीमधी कादंबऱ्या यायच्या, आणि कादंबरीचं पान मावशी कुणालाही फाडू द्यायची नाही.

"मावशे, मला मोठं साहित्य वाचायचंय," मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

"मोठं व्हय? थांब." तिनं कपाटातली सगळी पुस्तकं काढली आणि पितळ तोलायच्या काट्यावर एकेक ठेवली. सगळ्यांत जड भरली ती एक जुनी कादंबरी. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पानं गेलेली, कुणीतरी नव्यानं पुठ्ठा घालून बांधलेली. "हे घे. ह्याच्याहून मोठं सिरसाळ्यात न्हाई." ही पद्धत चुकीची असेल असं मला वाटलंही नाही. अजूनही मला तीत फारशी चूक दिसत नाही.

मग आमचं वाचन सुरू झालं. मी गादीच्या कडेला बसून मोठ्यानं वाचायचो, आणि मावशी मशीननं भांड्यांवर नावं टाकायची. मशीनची घर्रघर्र, त्यावर माझा आवाज. गिऱ्हाईक आलं की मी थांबायचो, गिऱ्हाईक गेलं की ती मान वर न करता म्हणायची, "मग?" बस, एवढंच. त्या 'मग'वर मी तो किलोभर ऐवज ओढत नेला. कादंबरीतला नायक अण्णा, त्याची बायको इंदू. इंदूला सासरी फार छळ, आणि मावशी त्यात इतकी गुंतली, की एका नवरीच्या तांब्यावर तिनं 'सौ. इंदू' कोरून टाकलं. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप तांब्या घेऊन दारात. "अवो, आमची पोरगी सुमन. ही इंदू कोन?" मावशी म्हणाली, "लई गरीब हाय बिचारी," आणि त्याला नवा तांब्या दिला. इंदूचा तांब्या दुकानात पाण्याला राहिला.

पुढं अर्ध्यावर अण्णा मेला. मावशीनं मशीन बंद केली, डोळे पुसले, आणि घागर बघायला आलेल्या बाईला चक्क "उद्या या" म्हणून लावून दिलं. मी जड मनानं पान उलटलं. तर पुढच्या पानावर अण्णा पाटावर बसलेला, आणि इंदूला म्हणतोय, कढी वाढ.

"थांब," मावशी म्हणाली. "ह्यो मेलता न्हवं?"

"मेलता."

"मग कढी कावून मागाय लागलाय?"

मला काडीचंही कळलं नव्हतं. पण मी पडलो होणारा साहित्याचा विद्यार्थी! मी चष्मा नसताना चष्मा सारल्यासारखं केलं आणि म्हणालो, "मावशे, मोठ्या साहित्यात असंच असतं."

"असंल बाबा," ती म्हणाली, पण मशीन लगेच काही सुरू झाली नाही.

मुलाखतीला मी ते पुस्तक पिशवीत घालून नेलं, ताम्रपट न्यावा तसं. समोर तिघं. मधले म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "काय वाचलंस?" मी गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी कादंबरी ओळखली, खूश झाले. मला चेव आला. म्हणालो, "सर, ह्यात लेखकानं काळच मोडून टाकलाय. नायक मेल्यावर परत येतो आणि कढी मागतो." तिघांनी एकमेकांकडं बघितलं. सरांनी पुस्तक मागून घेतलं, चाळलं, आणि पुस्तक तोंडासमोर धरून हलायला लागले. मला वाटलं, गहिवरले. मग त्यांनी पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बांधणाऱ्यानं मधला एक आख्खा गठ्ठा मागं आणि मागचा पुढं लावला होता! दिवसभर आकड्यांवर चालणाऱ्या दुकानात बसून आम्ही दोघांनी पानांवरचे आकडे एकदाही बघितले नव्हते.

डोळ्यांसमोर गुळाच्या ढेपा आणि त्यांवरचे मुंगळे यायला लागले...

"तुला शंका नाही आली?" सरांनी विचारलं.

"मावशीला आली होती सर. मी तिला गप्प केलं."

आता मात्र सर उघड हसले. "मग जागा खरी मावशीची. पण आमचं वसतिगृह मुलांचं आहे, तेव्हा तूच ये." असा मी साहित्यात शिरलो, आणि आज कॉलेजात तेच शिकवून पोट भरतो. पोरांना पहिल्या तासाला पानांचे आकडे बघायला सांगतो.

आमच्या घरात मात्र माझ्या त्या दुकानातल्या वाक्यानं कायमचा मुक्काम टाकला. चहात मीठ पडलं, वरातीत घोडा बसला, माझ्याच लग्नात भटजी... म्हणजे आमच्यात लग्न लावतात ते स्वामी चुकीच्या गावी पोचले, की मावशी गंभीर तोंडानं म्हणायची, "मोठ्या साहित्यात असंच असतं." मी पहिल्या पगारातून पुस्तक नीट बांधून आणतो म्हणालो, तर तिनं हातातनं काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे तसंच. मेला तरी फिरून जेवाया येतो मानूस. असं एक तरी पुस्तक घरात असावं." काकांच्या फोटोकडं तिनं बघितलं नाही. मीही नाही.

परवा सिरसाळ्याला गेलो. गादीवर आता बसू होता, मशीनही त्याच्याच हातात. इंदूच्या तांब्यातलं पाणी प्यालो. कपाटात ते पुस्तक होतं. बसू म्हणाला, "परळीत चांगला बायंडर हाय. लावून घिऊ का पानं सरळ?" मी नको म्हणालो आणि पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागलो. अण्णाचा शेवटचा श्वास, इंदूचा हंबरडा... तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं, मी थांबलो, ते पेले घेऊन गेलं. बसूनं दुसरी घागर मांडीवर ओढली, मशीन सुरू केली, आणि मान वर न करता म्हणाला, "मग?"

मी पान उलटलं.

"मग काय," म्हणालो, "पाटावर बसलाय. कढी मागतोय."