तारेखालचा एक्झोरा

आईनं पडेगावच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून बुटक्या एक्झोऱ्याचं रोप आणलं आणि अंगणात बरोब्बर मधोमध लावलं. आपल्याकडची माती त्याला मानवत नाही, पानं पिवळी पडतात, म्हणून ती बुडाला आंबट ताक घालायची. झाड गुडघ्याएवढंच, पण लाल झुबक्यांनी असं लगडायचं की पान दिसू नये. रोज सकाळी एक झुबका देवाला, बाकीचे झाडावर, हा तिचा शिरस्ता.

वडील गेले आणि माझ्या दोघा भावांनी घर वाटून घेतलं. अंगणात तार ओढली ती नेमकी झाडावरून. आईचीही वाटणी झाली, एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. भांडीकुंडी वाटावीत तसं आईला वाटून घेतलं मेल्यांनी. आजही सांगताना माझं डोकं फिरतं.

धाकट्याला सगळं कसं चापूनचोपून लागतं. एक्झोऱ्याला फूल येतं शेंड्यावर, आणि हा गडी दर रविवारी कात्री घेऊन शेंडेच उडवायचा. त्याच्या बाजूला नुसता हिरवा ठोकळा, आणि तारेपलीकडं थोरल्याच्या बाजूला झुबकेच झुबके. शेंडे सोड रे, असं आईनं सांगून पाहिलं. पसारा दिसतो, म्हणाला.

श्रावणात मी माहेरी गेले तेव्हा आई धाकट्याकडं होती. सकाळी पूजेआधी तिनं तारेवरून हात घातला आणि पलीकडचा एक झुबका खुडला. थोरला ओट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"आई, या महिन्यात तू तिकडची ना? मग फूलही तिकडचंच घे."

आईनं झुबका जिथून खुडला होता तिथंच झाडावर ठेवला आणि आत गेली. मी थोरल्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, ठरलं म्हणजे ठरलं. आईला म्हटलं, चल माझ्याकडं. तर म्हणे, दोन लेक असताना जावयाच्या दारात कशी राहू?

दिवाळीला गेले तर झाड बुडापासून काळं पडलेलं. थोरला म्हणे धाकट्यानं जाळलं, धाकटा म्हणे थोरल्यानं औषध टाकलं. दोघांची हातघाईच झाली होती म्हणे, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

दुपारी आई भाताचं उकळतं पाणी घेऊन बाहेर आली. त्या महिन्यात ती थोरल्याकडं होती. तिनं ते पाणी सावकाश वाळक्या बुडात ओतलं. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "तिकडं व्हते तवा तिकडून, आता इकडून."

"आई, तुझंच झाड ना गं ते?"

"माझं व्हतं तवा फूल मागावं लागत नव्हतं."

भावांना सांगू का, विचारलं. नको म्हणाली, भांडू दे त्यांना. मग पातेलं विसळलं आणि मला जेवायला वाढलं. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. मीही सांगितलेलं नाही.