डावऱ्या हाताचं मेंडोलिन

"सावंतानू, माका डावऱ्या हाताचा मेंडोलिन व्हया," परब म्हणाला आणि आपला डावा हात त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

टेबल म्हणजे घाटकोपरच्या एका टेलरच्या दुकानातला कोपरा. तेच माझ्या ऑर्केस्ट्राचं ऑफिस आणि मी मॅनेजर. कार्यक्रम ठरवायचे, गायकांची भांडणं मिटवायची, माइकवाल्याला झोपेतून उठवायचं, ही माझी कामं. ऐंशीच्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा ऐकल्याशिवाय मुलुंड ते दहिसर एकही गणपती विसर्जनाला जायला तयार नसे. मूर्ती जागची हलतच नसे म्हणतात.

परब आमचा मेंडोलिनवाला. नोकरी मुलुंडच्या एका कारखान्यात, प्रेस मशीनवर. त्या मशीनने त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांची टोकं नेली. कंपनीने त्याला गेटवर बसवलं. गेटवर बसायला बोटं लागत नाहीत. मेंडोलिनला लागतात.

मेंडोलिन म्हणजे तारांच्या चार जोड्या. डाव्या हाताची बोटं दांडीवर तारा दाबतात, म्हणजे सूर ठरतो. उजवा हात पिकने, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या तुकड्याने, तारा छेडतो. बारीक, अवघड काम सगळं डाव्या हाताचं.

"आता उजव्यान दाबीन नि डाव्यान छेडीन," परब म्हणाला. "पिक धरूक अंगठो आसा, बाजूचा बोट आसा. आणखी काय व्हया?"

मागे आमचा कीबोर्डवाला सुनील चहा पीत होता. तो म्हणाला, "सावंतकाका, कशाला टेन्शन घेता? मेंडोलिन माझ्या कीबोर्डमध्ये आहे ना. बटण दाबलं की चालू."

खरं होतं. कीबोर्ड नवीन होता आणि त्यातून मेंडोलिन निघत असे. मेंडोलिनला सर्दी झाली तर जसं वाजेल, तसं. पण मंडळांना फरक कळत नव्हता, आणि आमच्या धंद्यात एकदा स्टेजवरची खुर्ची काढली की कुणी परत मांडत नाही. गणपतीपर्यंत परब उभा राहिला नाही, तर त्याची खुर्ची गेली हे मला कळत होतं. त्यालाही. म्हणून तो हात टेबलावरून उचलत नव्हता.

आधी आम्ही सोपा उपाय केला. त्याच्याच मेंडोलिनच्या तारा उलट्या लावल्या. जाड तार बारीक खाचेत बसेना, बारीक तार जाड खाचेत खुळखुळू लागली. मी कानस घेऊन खाचा नीट केल्या. मग परबने वाद्य उलटं धरलं आणि वाजवायला बसला. सुरुवात झाली आणि आवाज आपोआप गेला. परत सुरुवात, परत गेला.

"भूत आहे काय रे यात?" मी विचारलं.

भूत नव्हतं. आमचं मेंडोलिन इलेक्ट्रिक. त्याची आवाजाची बटणं उलटं धरल्यावर बरोबर कोपराखाली येत होती. परब वाजवायचा आणि त्याचाच कोपर त्याला बंद करायचा. शिवाय वरच्या सुरांपर्यंत हात जावा म्हणून वाद्याला एका बाजूने खोबण कापलेली असते. ती आता नेमकी नको त्या बाजूला गेली होती. थोडक्यात, जन्मानेच डावखुरं मेंडोलिन पाहिजे होतं.

मी मुंबई पालथी घातली. पालथी म्हणजे, समुद्र तेवढा बाकी ठेवला. अंधेरीच्या दुकानदाराने उजव्या हाताचं मेंडोलिन पुढे केलं आणि म्हणाला, "हेच घेऊन जा शेठ. आरशासमोर बसून वाजवा." एका कारागिराने बनवून देतो म्हटलं आणि तो गावी गेला. अजून तिकडेच असावा.

शेवटी आमच्या ट्रम्पेटवाल्याने पत्ता दिला. मरोळच्या गावठाणात फिलोमिना आंटी नावाची म्हातारी. तिचा नवरा डावखुरा, मेंडोलिन वाजवायचा. तो गेला, मेंडोलिन कपाटावर राहिलं.

आम्ही दोघे गेलो. आंटीने मेंडोलिन खाली काढलं. खोबण बरोबर, बटणं बरोबर. परबने त्याच्यावरून नुसता हात फिरवला. मला वाटलं, आता घाई करावी. म्हणून मी माझं मॅनेजरचं तोंड उघडलं.

"आंटी, हा परब. डाव्या हाताने याच्यासारखं मेंडोलिन वाजवणारा अख्ख्या हिंदुस्थानात नाही. परदेशातून लोक येतात याला ऐकायला."

"असं?" आंटी खुर्ची ओढून बसली. "मग वाजव."

परबने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी तिथेच वितळून आंटीच्या लादीवर पसरलो.

"आंटी, आता कशाला, गडबडीत..."

"बिना वाजवता मी देत नाही. माझ्या नवऱ्याचं अकॉर्डियन असंच एक जण घेऊन गेला. मोठा वाजवणारा बोलला. आता हॉटेलच्या भिंतीवर टांगलंय. त्याच्याखाली लोक कोंबडी खातात. वाजव."

परब बसला. पिक धरलं. सा रे ग म. पहिल्या दिवशीचा विद्यार्थी बरा. उजव्या हाताची बोटं दांडीवर अशी अडखळत होती, जशी नवी सून परक्या स्वयंपाकघरात डबे शोधते. इतकी वर्षं वाजवणारा माणूस, आणि पंचमावर येऊन थांबला. मग त्याने डावा हात पुढे केला. तीन आखूड बोटं.

"आंटी, हो सावंत खोटा बोलता. मी उजव्या हाताचो. आता ह्या हातान शिकूचा आसा."

आंटी त्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, विरघळली. मी खिशात हातही घातला.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही देत."

"आंटी, वाद्य नसेल तर तो शिकेल कसा?"

"इथे येऊन. रविवारी चर्चमधून मी येते, त्याच्यानंतर. दरवाजा उघडा असतो. तू येऊ नको," हे मला.

परब दर रविवारी मरोळला जाऊ लागला. इतर दिवशी गेटवर बसून काठीवर बोटं दाबायचा. वॉचमन काठी वाजवतो म्हणून कारखान्यात त्याची चेष्टा व्हायची. मी विचारलं की म्हणायचा, "डोक्याक सगळा येता, सावंतानू. हाताक सांगूक वेळ लागता." कीबोर्डवर सुनील दर कार्यक्रमाला सर्दीचं मेंडोलिन काढत होता. गणपती जवळ येत होते. मी परबची खुर्ची प्रत्येक स्टेजवर रिकामी मांडत होतो, आणि कार्यकर्ते तिच्यावर हार ठेवत होते.

श्रावणातल्या एका रविवारी आंटी बोंबील साफ करत होती. हात न थांबवता ती परबला म्हणाली, "आता घेऊन जा. आता माझं डोकं दुखत नाही."

मी जाऊन पैसे दिले. घासाघीस केली नाही. आयुष्यात तेवढी एकदाच.

घाटकोपरच्या मंडळात परब परत स्टेजवर आला. डावखुऱ्याची दांडी उलट्या बाजूला जाते, ती शेजारच्या अकॉर्डियनवाल्याच्या कानात जाऊ लागली, म्हणून त्याला दुसऱ्या टोकाला बसवला. हॉस्पिटलपासून दाढी वाढली होती, ती त्याने काढली नव्हती. एकाच गाण्यात त्याचा सोलो ठेवला. हळू वाजवला, पण सूर सोडला नाही. टाळ्या आल्या. आभाळ फाटलं नाही, एवढं मी कबूल करतो.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाचा सेक्रेटरी आला. या लोकांना गायकांचे चेहरे आठवतात, बाकीच्यांची वाद्यं.

"सावंत, हा डावखुरा कुठून आणला? चांगला आहे यार. पण तुमच्या त्या जुन्या परबची मजा नाही."

परब शेजारीच वायर गुंडाळत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "बरोबर बोललात साहेब. परबला अजून वेळ लागेल."

आणि वायर गुंडाळत राहिला.

यातून मी एवढंच शिकलो. वाद्य शोधून मिळतं. त्याला लागणारा हात कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि कलाकाराची तारीफ त्याचं वाजवून झाल्यावर करावी. निदान समोर आंटी बसली असेल तेव्हा तरी.